यंदाचं झबलं

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता जोविता तिसऱ्यांदा कणगी धुंडाळायला लागली. पहिल्या वेळी तिने भातात कोपरापर्यंत हात घालून चाचपलं होतं, दुसऱ्या वेळी लांब दांड्याचा डाव फिरवून पाहिला होता. आता ती सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ कणगीत उतरली आणि सुपाने भात काढून चटईवर ओतायला लागली. कुसांनी हात लाल झाले, नाकातोंडात धूळ गेली. अर्धी कणगी रिकामी झाली, मग पाऊण, मग तळाचं सारवण दिसलं.

बाळ तिथे नव्हतं.

ती तशीच कणगीच्या काठाला धरून उभी राहिली. बाहेर गल्लीत सण अगदी रंगात आला होता. किल्ल्याच्या डोंगरापासून खाडीपर्यंत उतरत जाणारी त्यांची ही जुनी वाडी, जेमतेम पन्नास घरांची. दोन्ही बाजूंना बुटक्या ओट्यांची कौलारू घरं, आणि दर घराच्या वळचणीला बांबूच्या कामट्यांचा, पतंगी कागदाचा तारा. लाल, पिवळे, जांभळे. काही ताऱ्यांना शेपट्या, काहींच्या पोटात दिवा. या दोरीवरून त्या दोरीवर कागदी पताका. अलिबागला सुट्टीसाठी आलेली माणसं दुपारपासूनच गाड्या रेवदंड्याच्या रस्त्याला लावून आत येत होती, ताऱ्यांखाली उभी राहून फोटो काढत होती. कुणाच्या तरी घरात करंज्या तळल्याचा वास सगळ्या गल्लीभर पसरला होता.

एकाच घराला तारा नव्हता. दुखवट्याच्या घराला त्या वर्षी तारा लावत नाहीत. चुलीवर तळणही चढवत नाहीत. शेजारपाजारची घरं झाकून ताटं आणून देतात. चोवीस तारखेच्या सकाळी अशा घराच्या ओट्यावर ताटांची रांग लागते.

जोविताच्या ओट्यावर अजून एकही ताट आलं नव्हतं.

वाडीचं बाळ म्हणजे फणसाच्या लाकडाची वीतभर मूर्ती. कुणी घडवली, कधी, हे कुणालाच ठाऊक नाही. उजव्या पायाचा अंगठा तुटलेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या पायांचे मुके घेऊन घेऊन पावलांवरचा रंग उडून आतलं पिवळं लाकूड गुळगुळीत झालेलं. नाताळपासून सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत बाळ क्रुसाजवळच्या गोठ्यात, गव्हाणीतल्या पेंढ्यावर निजे. बाकीचं वर्ष एका घरी. त्या घराला दोन अटी असत. बाळ कुठे ठेवलंय हे कुणाला सांगायचं नाही, आणि बाळाला कुलूप लावायचं नाही. पोर घरात असतं तसं ते माणसांच्या वावरात असायला हवं. ट्रंकेत, कपाटात कोंडलेलं चालत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला त्या घराच्या उंबऱ्यातून, नवं झबलं घालून, ते मिरवत गोठ्याकडे जाई.

जोविताची आई पास्कूबाय हिने हे एकतीस वर्षं सांभाळलं. दरवर्षी झबलं तिनेच शिवलं. बाळ ती कणगीत ठेवते हे जोविताला लहानपणीच कळलं होतं, कारण नाताळच्या दिवशी बाळाच्या अंगाला भाताचा वास येई. पण ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

सप्टेंबरात पास्कूबायला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पनवेलच्या कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी बिनपगारी रजेवर टाकून जोविता घरी आली, आणि पाच आठवडे आईच्या उशाशी बसली. ऑक्टोबरच्या मध्यावर पास्कूबाय गेली. त्या पाच आठवड्यांत बाळाचा विषय एकदाही जोविताच्या मनात आला नाही. आणि आला असता तरी आई सांगणार कशी होती?

"मिळालं?"

दारात दोमिंगमामा उभा होता. सत्तरी उलटलेला, देवळाच्या कामाचा कारभारी, हातात नाचणीचं हिरवंगार तरारलेलं ताट. गोठ्यापुढे शेत दाखवायला वाडीतली बायकामाणसं पंधरा दिवस आधी नाचणी पेरतात.

"नाही मामा."

"कणगीत पायलंस?"

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. जोविताने चटईवरच्या भाताच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

दोमिंगमामा ओट्यावर टेकला. ताट मांडीवर ठेवलं. "पोरी, मी तुझ्यावर काय आळ घेत न्हाय. पण वाडीत बोलतात. नोव्हेंबरात तो जुन्या वस्तू घेणारा आला होता ना, टेम्पो घेऊन? तुझ्या घरात बसला होता."

"पाणी मागितलं, मी दिलं. आईचा पाटा बघितला, विकणार का म्हणाला. नाही म्हटलं. गेला."

"अर्धा तास."

"कुणी मोजला?"

"खिडकीत बसून लोक दुसरं काय करतात?" तो उठला. "पाचला मी पुन्यांदा येतो. साडेसहाला फादर येतील, त्याआधी बाळ उंबऱ्यात पायजे. न्हायतर मला पुढं उभं राहून सांगावं लागंल की पास्कूच्या घरातून बाळ गेलं. ते मला सांगायचं न्हाय. समजली?"

"तिच्या घरातून की माझ्या?"

"त्ये लोक ठरवतील," म्हातारा म्हणाला आणि ताट सांभाळत उतारावरून निघून गेला.

जोविताने मग घर नव्याने हुडकायला घेतलं. फळी, माळा, देव्हाऱ्यामागची कोनाडी, चुलीवरचं शिंकं, वाशांमधल्या बेचक्या. पलंगाखालची चुंबळींची टोपली. कोळशाचं पोतं. आईची शिवणाची पेटी तिने सकाळीच उघडली होती. आता ती उलटी केली. रिळं घरंगळली, कात्री पडली, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ते तिने झडप घालून उचललं, पण ते हलकं होतं. फारच हलकं.

झबलं होतं. पांढऱ्या मलमलचं, गळ्याला निळा काठ, बाह्या चिमणीच्या पंखाएवढ्या. यंदाचं. पाठीवरची काजं करून ठेवलेली, बटणं लावायची राहिलेली, गळ्याशी सुई तशीच टोचलेली. म्हणजे झटका येण्याआधी आईने पावसाळ्यातच शिवायला घेतलं होतं. जोविता खाली बसली. तिने ते झबलं मांडीवर पसरलं, सुई काढली, पुन्हा टोचली. साडेतीन वाजले होते.

चारच्या सुमारास रोझालीन आली. दोघी एकाच वर्गात होत्या, रेवदंड्याच्या शाळेत एका छत्रीतून गेलेल्या. आता रोझालीन दोमिंगमामाची सून. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"जोवी, खरं सांग. मी कुणाला बोलणार नाही."

"काय खरं?"

"त्या टेम्पोवाल्याने अलिबागच्या कुठल्या बंगल्यात दिलंय ते तेवढं सांग. माझा नवरा जाऊन हातापाया पडून घेऊन येईल. ते लोक दिवाणखान्यात मांडतात गं अशा गोष्टी. त्यांना काय, शोभेची बाहुली."

"रोझे, तू मला ओळखतेस."

"ओळखत होते. तू गेलीस त्याला वीस वर्षं झाली." रोझालीनचा आवाज चढला. "दर नाताळला येतेस, तारे बघतेस, फोटो काढतेस त्या गाडीवाल्यांसारखी, आणि परत. गोठा सारवायला कधी बसलीस? तुझं पुस्तकांचं डोकं. तुला एका लाकडाच्या तुकड्याचं काय वाटणार?"

जोविताकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. तिने एवढंच विचारलं, "ताट का नाही पाठवलंस?"

"सासऱ्यांना विचार," रोझालीन म्हणाली आणि वळली. तिच्या घराचा तारा सगळ्या गल्लीत मोठा होता, सात टोकांचा. त्याखालून जाताना तिने मान वर करून पाहिलं नाही.

साडेचारला पाटी डोक्यावर घेऊन रंगूमावशी आली. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. तीस वर्षं पास्कूबायला मासळी घालायची आणि तिच्या आजारपणात एक दिवसाआड येऊन अंग पुसून द्यायची. पाटीत फडक्याखाली नारळाच्या वड्या होत्या.

"घे गो. तुमच्याकडं आज तळत न्हायत ना? मी म्हटलं, आपण द्यावं." तिने ओट्याकडे पाहिलं, मग घराकडे. "ह्ये काय? घरात चोर शिरला का वादळ?"

जोविताने तिला सगळं सांगितलं. रंगू ऐकता ऐकता चटईवर बसली आणि सवयीने भात गोळा करायला लागली.

"कणगीत व्हय? पर कणगीत कशी ठेवंल ती? उन्हाळ्यात त्यो टेम्पोवाला पयल्यांदा आला नव्हता का, तवाच ती घाबरली हुती. म्हनाली, रंगू, ह्यांची नजर वाईट, घरातलं समदं हुडकत्यात."

"मग कुठे ठेवलं?"

"मला कशी सांगंल? तुमचं बाळ, तुमची आन. मी काय इचारलं न्हाय." रंगूने सूपभर भात कणगीत टाकला. "त्याच आठवड्यात मला सुईत दोरा ओवाया लावला, त्ये आठवतंय. डोळं गेलं हुतं ना तिचं. उशी उसवून बसली हुती. सावरीचा कापूस घरभर. माझ्या नाकात, केसात. म्हटलं, बाय, चांगली उशी कशाला उसवतीस? तर हासली."

जोविताने तिचा हात धरला.

"कुठली उशी?"

"तिची. निळ्या चौकड्याची. दुसरी कुठली?"

जोविताने आईच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं.

आजारपणात आई डाव्या हाताने उशी थोपटायची. थोपटायची, जोविताकडे पाहायची, पुन्हा थोपटायची. दिवसातून दहादा. उशी तापली असेल म्हणून जोविता ती उलटायची. सपाट झाली असेल म्हणून झटकून फुगवायची. एकदा मध्येच काहीतरी कठीण हाताला लागलं, तेव्हा तिला वाटलं होतं, सावरीच्या गाठी झाल्यात. नवी आणली तर आईने मान फिरवून ती ढकलून दिली होती. जोविताने जे ओळखलं ते एवढंच, की या बाईचा जीव या उशीत आहे. म्हणून ऑक्टोबरात, शवपेटीचं झाकण लागायच्या आधी, सुताराने दिलेली पांढरी साटिनची उशी काढून तिने स्वतःच्या हाताने ती निळ्या चौकड्यांची उशी आईच्या डोक्याखाली सरकवली होती. सगळ्या वाडीसमोर. बायका तेव्हा म्हणाल्या होत्या, लेक असावी तर अशी.

"काय गो?" रंगू म्हणाली. "पांढरी फटक पडलीस."

जोविताने सांगितलं. रंगूने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"बोलू नको," मग ती हळूच म्हणाली. "कुणाला बोलू नको. हरवलं म्हन. चार दिस शिव्या घालतील, इसरतील. ह्ये सांगितलंस तर कबर उकरतील, पोरी. तुझ्या आयशीला वर काडतील."

हे जोविताला कळत होतं. न सांगितलं तर चोर ती. सांगितलं तर वाडीचं बाळ मातीत घेऊन गेलेली बाई म्हणून आईचं नाव, आणि वर फावडी. तिने झबलं उचलून हातात घेतलं. आईने एकतीस वर्षं बाळ कुलपात ठेवलं नव्हतं. आता ते खिळे ठोकलेल्या पेटीत होतं, आणि ही गोष्ट जोविता आणखी एका पेटीत घालून वर झाकण लावणार होती.

पाचला दोमिंगमामा आला तेव्हा त्याच्यामागे दहाबारा माणसं होती. रोझालीन होती, तिचा नवरा होता, क्रुसाला पताका बांधायच्या शिडीसकट आलेले दोघे होते. दोमिंगमामाने नुसत्या भुवया उंचावल्या.

"बाळ कुठे आहे ते मला कळलं," जोविता म्हणाली.

आणि ओट्यावर उभं राहून तिने सांगितलं. उशी, सुई, आईचं थोपटणं, स्वतःचा हात. कुठे थांबली नाही, कुठे वाढवलं नाही. रंगू शेजारी उभी राहून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

सगळे एकदम बोलायला लागले.

"काय सांगते काय ही!"

"पास्कूला काय येड लागलं होतं?"

"रचलं असंल. विकलंय, आणि आता मेलेल्या माणसावर ढकलते. मेलेली बाई काय सांगायला येते?"

ते शेवटचं रोझालीनच्या नवऱ्याचं. तो पुढे म्हणाला, "खरं-खोटं करायला किती वेळ लागतो? दोन महिने झालेत. माती भुसभुशीत असेल. तिन्हीसांजेच्या आत काम होतं."

"सरकारी परवानगी लागते कबर उघडायला," दोमिंगमामा म्हणाला.

"वाडीची गोष्ट वाडीत. कोण जातंय सांगायला? बाळ वाडीचं आहे, हिच्या घरचं नाही."

शिडीवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने शिडी भिंतीला टेकवली. जोविताला वाटलं, आता हे दोघे फावडी आणायला जातील. गल्लीच्या टोकाला फोटो काढणारी एक बाई हसत हसत कुणाला तरी सांगत होती, हा पिवळा घे, हा पिवळा किती गोड आहे.

"मी अडवणार नाही," जोविता म्हणाली. "बाळ वाडीचं आहे हे खरंच आहे. उघडायची तर उघडा. पण तिच्या डोक्याखालून उशी दुसरं कुणी काढायची नाही. मी ठेवली, मी काढीन. तुम्ही पेटीपर्यंत खणा आणि बाजूला व्हा. आणि डोकं धरायला एक माणूस लागेल. एका हाताने जमणार नाही." तिने समोर पाहिलं. "रोझे, तू येशील?"

रोझालीनची नजर जोविताच्या हाताकडे गेली. त्या हातात झबलं होतं, सुईसकट.

"येशील का?" जोविताने पुन्हा विचारलं. ती खरंच विचारत होती.

"नाही," रोझालीन म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून जवळजवळ किंचाळली, "नाही! तू येशील? तू धरशील पास्कूमावशीचं डोकं? नवी टोपी घालून तिच्याच हातची करंजी खायचास तू दर नाताळला! धरशील?"

नवरा एक पाऊल मागे सरला. शिडीवाल्याने शिडी पुन्हा खांद्यावर घेतली, पण कुठे जायचं हे न कळून तसाच उभा राहिला.

"मग लोकांना काय दाखवायचं?" मागून एक म्हातारी म्हणाली. "गव्हाण रिकामी? शहरातून प्लास्टिकचं आणू? साडेसहाला फादर यायचेत."

सगळ्यांनी दोमिंगमामाकडे पाहिलं. म्हातारा ओट्याच्या कडेवर बसला होता. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली, डिसेंबरात, आणि तो नीट दुमडून परत ठेवला.

"मिरवणूक कुठून निघते?" त्याने विचारलं.

शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

"बाळ ज्या घरात असतंय, तिथनं निघते," त्याने स्वतःच सांगितलं. "ते घर कुठलं, त्येवढंच आपल्याला ठरवायचंय. मला वाटतं ठरलेलं हाय." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "जोवी, झबलं पुरं झालंय?"

"बटणं राहिलीत."

"असू दे. घे ते."

"आणि खोटं असेल तर?" रोझालीनचा नवरा म्हणाला, पण आता हळू.

"तर ती रोज त्या कबरीवरनं खोटं घेऊन जाईल-येईल. तुला झेपलं असतं?"

साडेसहाला फादर आले तेव्हा उंबऱ्यात बाळ नव्हतं. दोमिंगमामाने त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं, ते जोविताला ऐकू आलं नाही. फादरांनी दोन प्रश्न विचारले, चष्मा पुसला आणि देवळामागच्या दफनभूमीकडे चालायला लागले.

पास्कूबायच्या कबरीवरचा मातीचा उंचवटा अजून बसला नव्हता. खाडीवरून गार वारा येत होता. हातातल्या मेणबत्त्या विझत होत्या, एकमेकांवरून पेटत होत्या. वाडी सगळी आली नव्हती. जोविताने मोजलं नाही, पण पाहिलं. दहाएक घरांची माणसं गल्लीतच थांबली होती, आपापल्या ताऱ्यांखाली, हाताची घडी घालून. ती येणार नव्हती. कदाचित पुढच्या वर्षीही नाही.

फादरांनी प्रार्थना म्हटली. मग जोविताने ओणवं होऊन झबलं क्षणभर मातीवर, आईच्या उशाच्या बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळहातांवर उचललं. बाळ उचलतात तसं, मानेखाली हात देऊन. नाताळचं पहिलं गाणं कुणीतरी फार वरच्या पट्टीत सुरू केलं. दोमिंगमामाने ते खाली आणलं. मिरवणूक निघाली.

गल्लीतून जाताना तिने मान वर केली नाही. डोक्यावरून लाल उजेड सरकला, पिवळा सरकला, जांभळा. थांबलेल्या घरांपैकी एका घरातली म्हातारी उठून चालायला लागली. बाकीची उठली नाहीत. स्वतःच्या घरासमोर आली तेव्हा मध्येच अंधाराचा एक पट्टा लागला. त्या पट्ट्यात ओट्यावर रंगूमावशी बसलेली होती, वड्यांची पाटी मांडीवर घेऊन. तिने हात जोडले.

गोठा क्रुसाच्या पायथ्याशी होता. पेंढा, शेणाने सारवलेली भिंत, मातीचे गायबैल, पुढे नाचणीचं हिरवं शेत. गव्हाणीत पेंढ्याला दरवर्षीसारखा बाळाच्या आकाराचा खळगा करून ठेवला होता. जोविताने झबलं त्यात पसरलं. बाह्या दोन्ही बाजूंना नीट केल्या. मग ती मुका घ्यायला वाकली, आणि पावलं जिथे असायची तिथे नुसता पेंढा होता. ती तिथेच टेकली. पेंढा गालाला टोचला. भाताचा वास आला.

मागची माणसं रांगेने येत गेली. काही वाकली, काही नुसती क्रूस करून पुढे गेली. रोझालीनचा नवरा न वाकता गेला.

रोझालीन सगळ्यात शेवटी आली. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग हात पुढे करून तिने झबल्याच्या गळ्याशी टोचलेली सुई काढली आणि आपल्या पदराला टोचून ठेवली.

"बाळाला लागेल," ती म्हणाली.

जोविताने मान हलवली.

"बटणं किती आहेत?"

"तीन."

"पेटीत आहेत की आणायची?"

"पेटीत असतील. दुपारी सगळं सांडून ठेवलंय."

"उद्या येते," रोझालीन म्हणाली. "जेवणानंतर. एवढ्याशा कापडाला तुला नाही लावता यायची."